डाव्या गालावर हात ठेवून शिकवलेली मराठी

गेल्या सोमवारी गडचिरोलीत दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत मी एकटाच हसत सुटलो. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "आजोबा, दाढ काढल्यापासून कान दुखतोय का?"

नव्वदीचा म्हातारा खुर्चीत खदाखदा हसतोय म्हटल्यावर ती डॉक्टर पोरगी घाबरली... म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. टाइप नात करतेय, चुका तिच्या.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणायचे. मी विशीतला, धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावात एकशिक्षकी शाळेवर नुकताच रुजू झालेलो. गाव सगळं गोंडी बोलणारं, पोरं कधी बाजारालासुद्धा गेलेली नव्हती. त्यांनी मराठी ऐकायची ती फक्त माझ्या तोंडून.

माझ्या आधीचे दोन मास्तर आठ दिवसांतच पळून गेले होते. या खेपेला डिप्टीसाहेबांच्या तपासणीत पोरांना मराठी आली नाही तर शाळा बंद, असा निरोपच आला होता. मला घरी धानाची शेती होती, माझं भागलं असतं... पण त्या सतरा पोरांना दुसरी शाळा नव्हती.

आणि पहिल्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. धानोऱ्याच्या बाजारात एक दातवाला पोत्यावर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसायचा. त्यानं माझ्या छातीवर गुडघा टेकवला, तोंडात पकड घातली आणि दाढेसोबत माझा अर्धा जीवही बाहेर काढला.

दाढ गेली, दुखणं मुक्कामाला राहिलं! जबडा दोन बोटांपलीकडे उघडेना आणि कळ निघायची ती थेट कानात. पुढच्या बाजारी त्याला गाठलं, तर म्हणतो, "दात निंघाला ना गुरुजी? मंग कान दुखून राह्यला त्याले मी काय करू? कानाचं काम मी करत नाई."

गावात ज्याला त्याला माझ्या कानाची काळजी. पाटलीणबाईंनी मोहाच्या बियांचं कोमट तेल ओतलं, कुणी लसूण कोंबला. एका म्हाताऱ्यानं तर कानात किडा शिरलाय म्हणून अर्धा तास फुंकर मारली... मग कानात कापूस घालून वरून दुपट्टा आवळला. जबड्याकडे कुणी बघायलाच तयार नाही.

शाळा मात्र मी एक दिवस बंद ठेवली नाही. डावा हात गालावर, मान वाकडी, दात आवळून बोलायचं, आणि वाक्य संपलं की कळ यायची... स्स्स! असे चार महिने शिकवलं.

पोरं भराभर शिकत होती. मी कळेनं डोळे मिटून ऐकायचो, आणि मनातून फार खूश व्हायचो. मधूनच स्स्स ऐकू यायचं, ते मला माझंच वाटायचं.

एका सकाळी डिप्टीसाहेब सायकलवरून आले. मी माझ्या हुशार पोराला, सोमाला, उभं केलं. साहेबांनी विचारलं, "तुझं नाव काय?"

सोमानं डावा हात गालावर ठेवला, मान वाकडी केली, दात आवळले. "माझं नाव सोमा आहे... स्स्स."

साहेबांनी शेजारच्या लच्छीला उठवलं, तिचंही तसंच. मग सगळ्यांना पाढा म्हणायला सांगितला. सतरा डावे हात सतरा गालांवर गेले. "बे एके बे, स्स्स. बे दुणे चार, स्स्स..."

साहेबांचा चेहरा लालबुंद. "काय हो गुरुजी, या पोरायची सगळ्यायची दाढ एकाच टायमाले दुखून राह्यली काय? का मले वेडावून राह्यले?"

गेली शाळा, असंच वाटलं. "नाही हो साहेब," मी म्हणालो, आणि सवयीनं हात गालावर गेला, मान वाकडी झाली... "मुलं फार गुणी आहेत, स्स्स."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग पोरांकडे. मग शाळेच्या पेटीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेव्हा कुठे माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. पोरं कुणाला वेडावत नव्हती. मराठी ही गाल धरूनच बोलायची असते, असं त्यांना मनापासून वाटत होतं!

साहेब गेल्यावर सोमानं हळूच मला विचारलं, "गुरुजी, साहेबांना मराठी बरोबर येत नाही ना? स्स्स."

तपासणीच्या वहीत साहेबांचा शेरा होता, 'मुले शिक्षकाचे बारकाईने अनुकरण करतात. शिक्षकाने जबडा दाखवून घ्यावा. शाळा चालू ठेवावी.' तो वाचून मी रडलो. हो, चक्क रडलो.

चांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाढ ओढताना जबड्याचा सांधा दुखावलाय, पेज खा आणि कमी बोला. दोन महिन्यांत मी बरा झालो. पोरांचे हात गालावरून काढायला मात्र पुरतं वर्ष गेलं.

काही वर्षांपूर्वी गडचिरोलीच्या बसस्टँडवर पांढऱ्या केसांचा एक माणूस समोर येऊन उभा राहिला. मी काही ओळखेना. त्यानं पिशवी खाली ठेवली, डावा हात गालावर नेला, मान वाकडी केली... "वळखलं काय गुरुजी? स्स्स."

सोमा! आम्ही दोन म्हातारे गाल धरून त्या गर्दीत हसत उभे होतो, आमच्या दोघांच्याही गाड्या निघून गेल्या.

त्या शाळेनंतर मी तीस-पस्तीस वर्षं शिकवलं, जबडा नीट उघडून, मोठ्या आवाजात. पण त्या सतरा पोरांइतका जीव लावून माझं कुणी ऐकलं नाही. पोरांनो, जिथे असाल तिथे या म्हाताऱ्या मास्तराचा जोहार घ्या रे... स्स्स.