खिडकीला बांधलेला वाळा

लोहाऱ्याहून निघालो तेव्हा सकाळचं ऊनच इतकं चढलं होतं की दुपारच्या उन्हाला करायला काही उरलं नसावं. वैशाखात मराठवाड्यात कोण हौसेनं जातं? मी गेलो. पुण्याच्या घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, पण मला नळदुर्गचा किल्ला पाहायचा होता आणि रशीदभाईंना भेटायचं होतं. विलीनीकरणानंतर मी काही वर्षं उस्मानाबादेत नोकरीला होतो. त्या कचेरीत निजामाच्या काळापासून काम करणारे रशीदभाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. उर्दूतले जुने कागद ते मला समजावत, मी त्यांना मराठीतले नवे. त्यातून जुळलेला स्नेह बदलीनंतरही टिकला.

लोहाऱ्याला रशीदभाईंच्या घरी पोहोचलो तर किल्ल्याचा बेत तिथंच संपला. भाभी आजारी होत्या. हृदय अशक्त झालंय, मिरजेला न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि बजावलं होतं की वाटेत उन्हाची झळ लागू देऊ नका, तेवढीही त्यांना झेपायची नाही. मिरजेची गाडी येडशीहून संध्याकाळी सुटायची. रात्री निघावं तर रशीदभाईंच्या मोटारीचे दिवे अधू. म्हणजे दिवसाच जायचं, तेही नळदुर्ग, तुळजापूर, उस्मानाबाद असा वळसा घेत. मी म्हणालो, "मीही येतो मिरजेपर्यंत." रशीदभाई नको म्हणाले नाहीत, त्यावरून काय ते समजलो.

मोटार एका जुन्या जहागीरदाराची. जहागिरी गेली तेव्हा ती रशीदभाईंकडे आली. मागच्या डाव्या खिडकीला बाहेरून एक पत्र्याचं नळकांडं बांधलेलं होतं. त्याच्या पोटात खस (आपला वाळा) भरायचा आणि वर पाणी ओतायचं. मोटार पळू लागली की पुढच्या तोंडातून वारा शिरतो, ओल्या वाळ्यातून गार होतो आणि आतल्या जाळीतून माणसाच्या अंगावर येतो. हैदराबादेत असली चैन मी लांबून पाहिली होती. रशीदभाईंनी ती खास भाभींसाठी मिळवली होती. वाळाही स्वतः निवडून आणला होता.

भाभींना त्या जाळीशेजारी बसवलं. मी पुढं, रशीदभाईंच्या बाजूला. गाव मागं पडलं तसं त्यांनी आरशाकडे बघत विचारलं, "ऐकलं का? हवा येतीय न्हवं?"

"न्हाय जी," मागून आवाज आला.

हे 'ऐकलं का' मला नवं होतं. त्यांच्या घरात नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, मुलाच्या नावानं मारतात. मी उस्मानाबादेत होतो तेव्हा घर 'सलीमची अम्मी' आणि 'सलीमचे अब्बा' या हाकांनी भरलेलं असायचं. सलीम त्यांचा एकुलता एक. माझी बदली झाल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात तो विषमज्वरानं गेला. तेव्हापासून ती दोघं एकमेकांना कशानंच हाक मारत नव्हती. ऐकलं का, ऐका की, एवढंच.

रशीदभाईंनी मोटार बाभळीखाली उभी केली. नळकांड्यात पाणी होतं. पुढच्या तोंडाशी थोडं वाळलेलं गवत अडकलं होतं, ते त्यांनी बोटानं काढलं. जाळीतून फुंकून पाहिलं, फुंकर आरपार गेली. "काल मी एकटाच फिरवून आणली तवा गारेगार लागत होती," ते म्हणाले. पुन्हा निघालो. पुन्हा विचारलं. पुन्हा "न्हाय जी."

नळदुर्गला बाजारात एक सायकल दुरुस्त करणारा भेटला. त्यानं असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्यामुळे त्याचा आत्मविश्वास काही कमी झाला नव्हता. नळकांड्याला एक प्रदक्षिणा घालून तो म्हणाला, "याचं तोंडच चुकलंय, साहेब. वारा मागनं सुटलाय आन् ह्ये बघतंय म्होरं."

"अरे, पण मोटार पुढं जातेय ना?" मी म्हणालो.

"जाऊ द्या की. वारं थोडंच मोटारीचं ऐकतंय?"

रशीदभाईंनी त्याचंही ऐकलं. नळकांडं उलटं बांधून गावाबाहेर एक चक्कर मारली आणि पुन्हा सुलटं केलं. त्या माणसाला हसावं असं मला वाटत होतं, पण रशीदभाईंच्या कपाळावरचा घाम पाहून हसू आलं नाही. मागं भाभी डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ पांढुरके झाले होते. किल्ल्याचा तट डाव्या हाताला नुसता दिसला. त्याच्या आत धरणाच्या भिंतीत राजानं गारव्यासाठी बांधलेला पाणीमहाल आहे म्हणतात. एका राजाला तसला गारवा मिळाला आणि आम्हाला एका बाईपुरता मिळेना, याचा मला राग आला. कुणावर, ते ठरवता येईना.

तुळजापूरच्या वाटेवर भाभींना पाणी द्यावं म्हणून मी मागं वळलो. त्यांचा हात जाळीवर होता. हातातला रुमाल भाभी बोटानं जाळीच्या फटींतून आत सारत होत्या. आमची नजरानजर झाली. त्यांनी हात काढला नाही. फक्त मान हलवली, बोलू नका अशी. मी पाण्याचा पेला दिला आणि पुढं तोंड केलं.

म्हणजे मोटार थांबली की रुमाल बाहेर आणि सुटली की आत. मग बिघाड सापडणार कसा?

पुढं इंजिन तापलं म्हणून एका मोठ्या कडुलिंबाखाली थांबलो. रशीदभाई डबा घेऊन मळ्यातल्या विहिरीवर गेले. मी मागचं दार उघडलं. "भाभी, हे काय? तुम्हाला झळ सोसायची नाही."

त्यांनी हातातला रुमाल मांडीवर पसरला. मग म्हणाल्या, "भाईजान, झळ सोसते. ह्यो वास सोसत न्हाय. सलीमच्या खोलीला चारी बाजूंनी खसच्या ताट्या होत्या. त्याच वासात गेलं माझं लेकरू. नाकात शिरला की मी पुन्हा त्याच खाटेपाशी बसते."

"मग रशीदभाईंना सांगायचं."

"कसं सांगू? किती हौसेनं बसवलंय त्यांनी. इतक्या दिसांनी कशात तरी जीव घातला. तुम्ही बी सांगू नका."

कित्येक वर्षांत सलीमचं नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं. ते त्यांनी माझ्यापाशी घेतलं, एका परक्यापाशी, आणि मला रडू आवरेना.

रशीदभाई परतले तेव्हा मी म्हणालो, "बिघाड सापडला. वाळा आतून कुजलाय. त्यानंच वारा अडतोय." त्यांनी वाळा बाहेर काढला, नाकाशी धरला. "कुजली न्हाय, जोशीभाई. चांगली ताजी हाय खस." मी हट्टाला पेटलो. कुजलाच आहे, आतला भाग तुम्हाला दिसत नाही, काहीबाही बोललो. ते त्या ओल्या जुडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती झाडाच्या बुंध्याशी ठेवली. टाकली नाही, ठेवली. मी लिंबाचा पाला तोडला आणि गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून नळकांड्यात भरला. वर पाणी ओतलं.

"ऐकलं का? आता?"

"व्हय. येतीय गार," भाभी म्हणाल्या. घाट चढायच्या आतच त्यांना झोप लागली. रशीदभाई आरशात त्यांच्याकडे बघून हसले. सबंध प्रवासात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

येडशीला गाडी वेळेवर मिळाली. स्टेशनच्या मागं रामलिंगाच्या डोंगरातली झाडी वाळून कोळ झाली होती. मोटार ओळखीच्या एका अडत्याच्या आवारात ठेवली. त्या लहानग्या रुळांवरून हलत, डुलत, कुर्डुवाडीवरून आम्ही मिरजेला पोहोचलो. भाभी वाटेत चहा प्यायल्या, माझ्या मुलींची नावं विचारली, मोठीचं लग्न लवकर करा म्हणाल्या.

मिरजेला त्या वाचल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला होता. उन्हानं की आजारानं, ते मी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात इतक्या लांब नेणं शक्य नव्हतं, म्हणून तिथल्याच कब्रस्तानात त्यांना ठेवलं. मातीवर शिंपडायला कुणीतरी गुलाबपाणी आणलं होतं. रशीदभाईंनी बाटलीचा वास घेतला आणि मगच ती शिंपडायला दिली.

त्यांना एकट्याला परत पाठवणं माझ्यानं झालं नाही. येडशीहून मोटार काढली. मागची सीट रिकामी होती. तुळजापूर मागं टाकल्यावर त्यांनी न सांगता त्या लिंबाखाली मोटार थांबवली.

"जोशीभाई, खस कुजली नव्हती न्हवं?"

मी खरं ते सांगितलं. रुमालाचं, ताट्यांचं, सगळं.

"मला तर उलटंच वाटायचं," ते म्हणाले. "तापात पोराला कायच गोड लागत नव्हतं. ताटीवर पाणी मारलं की तेवढं बरं वाटायचं त्याला. म्हणायचा, अब्बा, अजून मारा. म्हणून आणली खस. म्हटलं, तिलाबी तो थोडा परत मिळंल."

वाळ्याची जुडी बुंध्याशी तशीच होती, वाळून काडी झालेली. रशीदभाईंनी डबा आणला आणि तिच्यावर पाणी ओतलं. वास उठला. त्यांनी अजून ओतलं, पुन्हा ओतलं. डबा रिकामा होईपर्यंत ते ओतत राहिले.

"घेऊ या का बरोबर?" मी विचारलं. "नळकांड्यात बसवू."

त्यांनी मान हलवली. "गाडीत नको," ते म्हणाले. "सलीमच्या अम्मीला सोसत न्हाय."

पुण्याला परतलो तेव्हा लोकांनी विचारलं, किल्ला पाहिला का? लांबून पाहिला, असं सांगितलं. दोन माणसं एकमेकांना इतकं जपत राहिली की बोलायचं तेवढं राहून गेलं, हे कुणाला कसं सांगायचं, ते मला कळलं नाही. परतीच्या त्या दिवशी डब्यात पाणी उरलं नव्हतं. लोहाऱ्यापर्यंत त्या जाळीतून गरम वारा रिकाम्या सीटवर येत राहिला.