कप्तानाला कळता कामा नये

फुटबॉलमधलं ताईला ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी तिचं आणि तिच्या आईचं पोट कित्येक वर्षं फुटबॉलवरच चाललं. ती चित्रं काढायची. एका साप्ताहिकाच्या मधल्या चार पानांवर तिची चित्रकथा यायची. मोठाले डोळे, वाऱ्यावर उडणारे केस, मांगा म्हणतात ना, तसली. गोष्ट एका पोरीची. मुलींना संघात घेत नाहीत म्हणून ही केस वर गुंडाळते, त्यांवरून कपाळाला घट्ट पट्टी बांधते, मुलगा बनून मुलांच्या संघात शिरते आणि तिथल्या कप्तानावरच जीव लावून बसते. संघात तिला सगळे बारक्या म्हणतात. बारक्या ही मुलगी आहे हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक, फक्त कप्तानाला नाही. झालं, एवढीच गोष्ट. पण लोकांना असं काही वेड लागलं, की अंक हातात पडला की आधी मधली पानं उघडायचे.

हे तिला सुचलं कसं, असं पुष्कळांनी विचारलं. सुचलं वगैरे काही नाही हो! संपादकांना खेळाची गोष्ट हवी होती, ताईला प्रेमाची काढायची होती, आणि दोघंही हट्टाला पेटलेले. घासाघीस होऊन हे निघालं. काम मिळालं म्हणून ताई खुशीत घरी आली, टेबलाशी बसली, आणि पहिल्याच चौकटीत गाडी अडली. पोरगी चेंडूला लाथ मारते म्हणजे नेमकं करते काय? दुसरा पाय कुठे असतो? हातांचं काय होतं? तिने काढलेली मुलगी चेंडू मारत नव्हती, जिना चढत होती.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन मैदानावर गेली. तिथे खेळणारं कोणी नव्हतं. एक मिशीवाला माणूस तेवढा वाकून पांढरी फक्की टाकत रेषा आखत होता. मैदान सांभाळणं हेच त्याचं काम. गवत कापायचं, गोलच्या जाळ्या बांधायच्या, रेषा आखायच्या. पोरं त्याला फक्कीमास्तर म्हणत. एके काळी कारखान्याच्या संघातून डाव्या बाजूने पुढे खेळायचा. गुडघा गेला, पण मैदान सोडायचं जिवावर आलं, म्हणून या कामाला लागला.

"जरा एक चेंडू मारून दाखवता का?" ताईने विचारलं.

त्याने मारला.

"थांबा! अस्सेच थांबा!" ताई ओरडली.

माणूस भला. खरंच थांबला. पाय हवेत ठेवून थांबला आणि फक्कीच्या घमेल्यात धपकन बसला. उठला तेव्हा कमरेखाली नुसता पांढराफटक. ताईला हसू आवरेना.

"अहो, असं हवेत कसं थांबणार मी?" तो म्हणाला.

"कपाटाला धरून," ताई म्हणाली. आणि तसंच झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो तिच्या घरी येऊ लागला. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलासमोर लोखंडी कपाट. त्या कपाटाला एका हाताने धरून तो एक पाय वर करून उभा राहायचा आणि ताई भराभर पेन्सिल चालवायची. बारक्याची किक म्हणजे फक्कीमास्तरची किक. बारक्याचं धावणं, वळणं, पडणं, हरल्यावर खांदे पाडून चालणं, सगळं त्याचंच. चाळिशीकडे झुकलेला, मिशीवाला, गुडघ्याने अधू माणूस, आणि त्याच्यावरून सतरा वर्षांची पोरगी कागदावर उतरायची! रस्त्यावरून जाणारे खिडकीत डोकावून बघायचे आणि आपसात खुसुखुसु हसायचे.

"आला का गं तुझा बगळा?" आई आतून विचारायची. त्याच्या बुटांची फक्की उंबऱ्यावर सांडायची, ती पुसताना तिची बडबड चालू असायची. पण त्याच्यासाठी चहा मात्र न विचारता ठेवायची, तोही मोठ्या कपात.

बारक्याची अशी सोय लागली. कप्तानाला मात्र चेहरा सापडेना. टेबलावर ताईचा एक हातआरसा असायचा. घाईच्या एका दिवशी तिने त्यात बघून कप्तानाचे डोळे काढले, जबडा जरा रुंद केला, केस आखूड केले, आणि काम भागलं. मग तेच चालू राहिलं. समोर बारक्या कपाटाला धरून उभा. ताई त्याच्याकडे बघणार, मग आरशात बघणार, मग कागदावर. कप्तानाची ती नजर पुढे फार गाजली. मुली म्हणायच्या, असं कुणी आपल्याकडे बघितलं तर जन्माचं सोनं होईल. ताईला लोक म्हणत, काय हात आहे तुमचा! हात कसला, कप्पाळ! तिचा त्या माणसावर जीव जडला होता आणि ते आरशात दिसत होतं. दिसत होतं तसं ती काढत होती. हे तिला स्वतःला पहिल्या वर्षातच कळलं होतं, पण बोलायचं कसं? तो यायचा, उभा राहायचा, चहा प्यायचा, जायचा. उगाच तोंड उघडलं आणि तो यायचाच बंद झाला तर? त्यापेक्षा आहे ते बरं, असं म्हणून ती मूग गिळून बसली.

आईला हे दिसत नव्हतं असं समजू नका. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "सगळी गल्ली तुला ताई म्हणते. दूधवाला म्हणतो, संपादक म्हणतात, तो पांढऱ्या दाढीचा इस्त्रीवालासुद्धा म्हणतो. हा एकटा माणूस इतकी वर्षं 'अहो, ऐकलंत का'वर भागवतोय. ताई म्हणायला याचे दात दुखतात का गं?"

"तू भाजी निवड," ताई म्हणाली. पण कान लाल झाले.

इकडे संपादकांचा एकच धोशा. "ताई, काय वाटेल ते करा, कप्तानाला कळता कामा नये. कळलं की गोष्ट संपली. गोष्ट संपली की तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या घरी." मग ताईला दर आठवड्याला नवी शक्कल लढवावी लागायची. बारक्याची पट्टी सुटते, तेवढ्यात कप्तानाच्या डोळ्यांत धूळ जाते. बारक्या तापात बडबडते, कप्तान नेमका औषध आणायला गेलेला. एकदा तर बारक्याने तोंडावर सांगून टाकलं, आणि त्याच क्षणी शेजारून मालगाडी धडधडत गेली. संपादकांना ती मालगाडी फार आवडली.

फक्कीमास्तरला नाही आवडली. तो अंक नेमाने वाचायचा, मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर, अंक बाजारात आल्या आल्या. पुढच्या सुट्टीला आला की बूट काढता काढता विचारायचा, "याही वेळी कळलं नाही का हो त्याला?"

"नाही," ताई म्हणायची.

"बरं," तो म्हणायचा आणि कपाटाशी जाऊन उभा राहायचा. गोष्टीत किती गुंतलाय बिचारा, असं ताईला वाटायचं.

अशी सहा-सात वर्षं गेली. आणि मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. संपादकांनी बोलावून सांगितलं, की पानं कमी करायची आहेत, गोष्ट आटपा. आणखी तीन भाग घ्या, शेवटच्या भागात पोरीला सगळं सांगू दे, कप्तानाला धक्का बसू दे, गोड करा आणि संपवा. ताई तोंड पाडून घरी आली. फक्कीमास्तर आल्यावर तिने त्याला हे सांगितलं.

"माझंही एक ठरतंय," तो म्हणाला. "दुसऱ्या शहरात मोठं मैदान झालंय. तिथे बोलावलंय मला. राहायला दोन खोल्या देतात. तुमचं काम अडेल म्हणून हो म्हणत नव्हतो. आता काय, संपतंच आहे. शेवटचा भाग झाला की निघेन."

"छान झालं," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी तिने काढलेलं एकही चित्र धड आलं नाही. गोष्ट चालू होती म्हणून तो येत होता. गोष्ट संपली की त्याला या घरी यायला कारण उरणार नव्हतं, आणि ती गोष्ट संपवायची होती तिच्याच हाताने. तिला अन्न गोड लागेना. आईने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तोंड देवाने चहा प्यायला दिलंय का फक्त?" ताई उठून दुसऱ्या खोलीत गेली.

शेवटच्या भागासाठी तो आला तेव्हा त्याचं सामान बांधून झालं होतं. प्रसंग असा होता. सामना संपलाय, मैदान रिकामं झालंय, बारक्या कप्तानासमोर येते, कपाळाची पट्टी सोडते आणि सांगते. ताईची एक पद्धत होती. काढताना दोघांनी वाक्यं मोठ्याने म्हणायची, बारक्याची त्याने, कप्तानाची तिने. त्याशिवाय खांदे खरे येत नाहीत, असं तिचं म्हणणं.

तो पट्टी हातात धरून उभा राहिला. "मी मुलगी आहे," मिशीआडून म्हणाला. "इतकी वर्षं तुझ्यासमोर होते." एरवी या वाक्याला दोघांची हसून मुरकुंडी वळली असती. आज कोणी हसलं नाही.

"काय सांगतेस! मला तर कधी शंकासुद्धा आली नाही," ताईने कप्तानाचं वाक्य वाचलं.

त्याने पट्टी टेबलावर ठेवून दिली. "हे चूक आहे."

"काय, खांदे?"

"खांद्यांना काय धाड भरलीय! हा तुमचा कप्तान. ठोंब्या आहे नुसता. माणूस समोर उभं राहून राहून गुडघ्यातून संपलं, आणि याला शंकासुद्धा येत नाही?" त्याचा आवाज चढला होता. या घरात तो कधी चढला नव्हता. "दर आठवड्याला अंक घेतो आणि आधी शेवटची चौकट बघतो. कळलं का त्याला? नाही. पुढच्या वेळी? नाही. शेवटी म्हटलं, समजायचं ते समजून घ्यावं. तोंडाने नाही म्हणायला तुम्हाला जड जातंय, म्हणून चित्रातून सांगताय. माझी काही तक्रार नाही."

"मी? मी काय सांगितलं चित्रातून?"

"अहो, कप्तान तुम्ही आहात! नाक तुमचं, कपाळ तुमचं, ते डोळे तर सरळसरळ तुमचे. मला ओळखू येणार नाहीत होय? आणि बारक्या मी आहे, हे तर रस्त्यावरच्या पोरांनाही माहीत आहे."

ताईच्या हातातून टाक सुटला आणि शाईचा थेंब कप्तानाच्या पायावर पडला. तिला एकदम सगळा हिशेब लागला. ती धूळ, ते औषध, ती मेली मालगाडी! खपासाठी रचलेली एकेक थाप हा माणूस स्वतःला मिळालेलं उत्तर म्हणून वाचत होता, आणि बूट काढता काढता पुन्हा विचारत होता.

"ते संपादकांनी सांगितलं होतं हो," ती म्हणाली. "कप्तानाला कळलं की गोष्ट संपेल म्हणाले. अंक खपायला हवा म्हणून मी..."

"म्हणजे त्याला स्वतःचं मन कळलं होतं?"

"हो."

"कधी?"

"पहिल्या वर्षी," ताई म्हणाली आणि रडायला लागली. रडू आनंदाचं नव्हतं, रागाचं होतं. संपादकांवर, त्याच्यावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. काय करावं न सुचून त्याने टेबलावरची पट्टी उचलून तिच्या हातात दिली. तिने तिला नाक पुसलं.

आतून आईचा आवाज आला. "कळलं का गं एकदाचं कप्तानाला?"

"कळलं!" ताई रडत ओरडली.

"मग चहा टाकते," आई म्हणाली.

त्याने नव्या मैदानवाल्यांना शब्द दिलेला होता, त्यामुळे ठरल्या दिवशी तो गेलाच. पण महिन्याभरात परत आला, दोघांनी कचेरीत जाऊन सह्या करून लग्न केलं, आणि आईसह सगळं बिऱ्हाड नव्या मैदानामागच्या दोन खोल्यांत हललं. लोखंडी कपाट जिन्यात अडकलं, तेवढं विकून टाकलं. तो निघायच्या आधीच ताईने शेवटचं पान नव्याने काढून दिलं होतं. बारक्या पट्टी सोडते, सांगते, आणि कप्तान म्हणतो, "माहीत होतं. अगदी पहिल्यापासून." संपादक कुरकुरले, पण छापखाना खोळंबला होता, म्हणून तसंच छापलं.

अंक येऊन महिना उलटला तरी लोक शांत होईनात, तेव्हा त्यांचा फोन आला. ताई तेव्हा नव्या खिडकीशी पुस्तकं लावत होती.

"ताई, इथे अजून फोनवर फोन येतायत. लोक खवळलेत," संपादक म्हणाले. "बायका तर रडतायत. म्हणे, पहिल्यापासून माहीत होतं, तर इतकी वर्षं गप्प का बसला? तिला का झुलवत ठेवलं? काय सांगू मी त्यांना?"

ताईने खिडकीतून बघितलं. मैदानात तिचा नवरा वाकून रेषा आखत होता. केस कानांशी पुरते पिकले होते. गुडघा आता वळत नव्हता, म्हणून तो दर चार पावलांवर थांबायचा, कंबर सरळ करायचा आणि पुन्हा वाकायचा.

"सांगा," ताई म्हणाली, "गाढव होता म्हणून."