डिकीतली काळी पोथी

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि मी सव्वीस वर्षांचा होतो. शालिमारजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते जाडजूड इंग्रजी चित्रपुस्तक सापडलं. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात छापलं होतं, फक्त प्रौढ वाचकांसाठी. विक्रेत्याने न सांगताच ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि डोळा मारला. घरी येऊन कडी लावून उघडलं. उघडी माणसं होती, पण सगळी मेलेली.

पाण्याखाली मेलेल्यांचं शहर, तिथे कावळ्याच्या तोंडाची राणी, आणि रांगाच रांगा. पानं इतकी काळी की बोटांना शाई लागेल असं वाटायचं. गोष्ट निम्मी कळली. आवडली का, तेही कळेना. चिडून मिटायचो आणि पुन्हा उघडायचो ते एकाच पानासाठी. त्या पानावर शब्द नव्हते. एक बाई भरल्या ताटासमोर बसलीय, ताटाच्या काठावर कावळा, आणि तिने ताट हाताने दूर सरकवलंय. चेहरा अर्धा अंधारात. ती रुसलीय, की तिचं पोट भरलंय?

हे पान मला सोडवेना, कारण काही वर्षांपूर्वीचं आईचं दहावं. माझे वडील रामकुंडावर दशक्रिया करणारे. कावळा पिंडाला शिवेना की ते यजमानाला सांगत, "गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलंय. आठवा, शब्द द्या." आई गेली तेव्हा ते स्वतःच सुतकात, म्हणून विधी त्यांच्या जोडीदार गुरुजींनी चालवला. मी हात जोडून सगळे शब्द दिले. बाबांना सांभाळीन, लग्न करीन, इतकंच काय, बाबांचं काम शिकेन असंही म्हणालो, अजिबात मनात नसताना. रामकुंडावरचे कावळे म्हणजे लठ्ठ आणि निर्लज्ज. घोटीच्या, सायखेड्याच्या, कोणाच्याही पिंडावर तुटून पडणारे. आईच्या पिंडाकडे एकही फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तिला काय हवं होतं, ते मला कधीच कळलं नाही. वडील त्यावर चकार शब्द बोलले नाहीत, आणि त्याचा मला फार राग यायचा.

एक दिवस पुस्तक वडिलांच्या हाती लागलं. आता उघड्या बायकांवरून माझी खरडपट्टी निघणार, असं मी धरून चाललो. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पानं उलटली आणि विचारलं, "कोणाकडची आणलीस? सुतक फिटल्यावर ही घरात ठेवत नाहीत."

आमच्याकडे कोणी गेलं की तेरा दिवस यमलोकाची पोथी वाचतात. एरवी ती घरात ठेवत नाहीत. त्यांना हे तसलंच काहीतरी वाटलं.

"बाबा, हे कॉमिक आहे. कोणीतरी मनाने रचलेलं."

"मग माणसं उघडी रांगेत कशाला उभी आहेत?"

पुस्तक घराबाहेर गेलं, माझ्या स्कूटरच्या डिकीत, पाना-पक्कड आणि फडक्याच्या शेजारी. मला हसावं की रडावं ते कळेना.

पुढे महिनाभराने मी संध्याकाळी कामावरून आलो, तर वडील जिन्याखाली वाट बघत उभे.

"डिकी उघड."

मला वाटलं, गोदावरीत सोडायला निघाले. पण त्यांनी पुस्तक घेऊन नेमकं तेच पान काढलं. त्यांना ते शोधावं लागलं नाही.

"इथे काय लिहिलंय?"

"काहीच नाही."

"पुढच्या पानावर?"

"पुढे ती नाहीच."

"असं कसं? रुसलीय की पोट भरलंय, एवढं तरी सांगायला नको?"

त्यांचा आवाज चढला होता. काहीतरी राहिलंय, असं रोज लोकांना छातीठोकपणे सांगणारा माणूस माझ्याकडे बघत होता, आणि मला इंग्रजी येतं म्हणून मला ठाऊक असेल असं त्याला वाटत होतं. माझा इतक्या वर्षांचा राग कुठे गेला कोण जाणे.

"मलाही नाही कळत, बाबा."

त्यांनी पुस्तक मिटलं. परत डिकीत ठेवायला मी हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले आणि ते काखेत धरून घराचा जिना चढू लागले.