झांज विरते तेव्हा

हेडफोनच्या दुकानात त्यांना सगळे कानसेन म्हणत. मागच्या जाड पडद्यांच्या खोलीत बसून नवा माल ऐकायचा आणि कोणत्याचा आवाज कसा ते गिऱ्हाइकाला सांगायचं, हे त्यांचं काम. त्यात अर्धं आयुष्य गेलं होतं.

एकदा तीन भारी हेडफोन एकदम आले. कानसेनांनी तिन्हींवर आपली नेहमीची धून लावली. खर्ज भरदार, गाणारीचा आवाज स्वच्छ. पण शेवटची झांज मात्र फडक्यात गुंडाळल्यासारखी. तिन्हींत तेच.

"तिघांचीही अक्कल एकदमच चरायला गेली की काय?" ते वैतागले.

मालकांनी एक कानाला लावला. "मला तर झांज लख्ख ऐकू येतेय हो."

कानसेनांनी आपला जुना, रोजच्या सवयीचा हेडफोन काढला. त्यातली झांज त्यांना पाठ होती. तिथेही फडकंच.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "वय झालं की वरचे सूर आधी जातात. गेलेले परत येत नाहीत."

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "उद्या राजीनामा देतो."

बायको बालवाडीत शिकवायची. ती मग म्हणाली, "द्या. पण आधी मला ते तिन्ही ऐकवा. इतकी वर्षं या सवतींचं नुसतं कौतुक ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती त्या खोलीत जाऊन बसली. पहिला काढून म्हणाली, "यात गाणारी अगदी कानाला लागून चहाड्या सांगतेय." दुसरा ऐकून, "वाजवणारे सगळे तिच्या अंगावर बसलेत." तिसरा लावल्यावर तिने डोळे मिटले. "इथे प्रत्येकाला बसायला जागा आहे."

"आणि झांज?"

"पहिल्यातली टोचत होती. ही... थांबा, अजून विरतेय." तिने एक बोट वर धरलं. कानसेन श्वास रोखून त्या बोटाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने ते खाली आलं.

राजीनामा न देता त्यांनी मालकांना खरं काय ते सांगून टाकलं. मालक विचार करून म्हणाले, "खर्ज तुमच्याइतका अजून कोणाला कळतो? वरच्या सुरांसाठी वहिनींना अधूनमधून आणत जा."

तेव्हापासून गिऱ्हाइकाशी बोलताना कानसेन मध्येच सांगत, "हे मत माझ्या बायकोचं. वरचे सूर मला आता ऐकू येत नाहीत."

एक जुनं गिऱ्हाईक हे ऐकून काही न घेताच निघून गेलं. ते त्यांना फार लागलं. संध्याकाळी बायको आली, तर नव्या खोक्याशेजारी दोन खुर्च्या मांडून ते तिची वाट बघत होते.