बादलीत बुडवून दाखवलेला कॅमेरा

जाफराबादच्या बाहेर, भोकरदन रस्त्याला अमृतलाल सेठची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे. तिच्या फाटकावर सोमेश्वर बावीस वर्षं राखणीला होता. या बावीस वर्षांत तिथून कापसाचं एक बोंडसुद्धा चोरीला गेलं नाही. गावात त्याला आडनावानं कोणी ओळखत नसे. जिनिंगवाला सोमेश्वर म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवायचं.

माणूस कामाला वाघ, पण त्याला स्वच्छतेचं वेड होतं. कापसाच्या दिवसांत जिनिंगमध्ये रुईचं बारीक तूस सगळीकडे उडतं. फाटकावर बसतं, वजनकाट्यावर बसतं, माणसाच्या भुवयांवरही बसतं. आग विझवायचा पंप दर शनिवारी चालवून बघायचा, असा तिथला नियम होता. सोमेश्वर तेवढ्यात काम उरकून घेई. कापसापासून दूर, फाटकाच्या बाजूला तो जाड पाइप ओढून न्यायचा आणि फाटक, वजनकाट्याची खोली, नावाची पाटी, खांबावरचा कॅमेरा, सगळं धारेखाली धुऊन काढायचा. चार वर्षं त्यानं कॅमेरे असे धुतले. एकदाही काही बिघडलं नाही.

दिवाळीआधी सेठचा नातू हर्ष यानं जुने कॅमेरे काढून नवे चार बसवले. जुन्यांवर आयपी ६६ छापलेलं होतं, नव्यांवर ६७. "एक नंबर जास्त आहे, भाव पण जास्त आहे," हर्ष म्हणाला. जालन्याहून आलेल्या फिटिंगवाल्यानं सगळ्यांसमोर एक कॅमेरा पाण्याच्या बादलीत बुडवला, वर काढला, वायर जोडली आणि मोबाइलवर चित्र दाखवलं. हमालांनी टाळ्या वाजवल्या. अमृतलाल सेठनं बादलीत दोनदा वाकून पाहिलं. सोमेश्वरनं त्याच दिवशी मनाशी ठरवलं, जुना धुतल्यानं बिघडला नाही, तर हा कशाला बिघडतोय.

नोव्हेंबरच्या शेवटी फाटकाचा कॅमेरा गेला. पंधरा दिवसांनी वजनकाट्याचाही गेला. फिटिंगवाला आला, त्यानं कॅमेरा खोलला. आतल्या काचेवर पाण्याचे थेंब होते.

"पाऊस कधी झाल्ता?" हर्षनं विचारलं.

"दोन महिने झाले," सोमेश्वर म्हणाला.

"मंग आत पाणी कुठून आलं?"

"मी शनिवारी धुतो ना, हर्षभैया. पाइपानं."

फिटिंगवाला हसला. "काका, हा बुडवला तरी आत पाणी जात नाही. तुमच्यासमोरच दाखवलं होतं. धुतल्यानं काय होतंय! हा कोणीतरी खोललाय आणि पाणी टाकून परत बसवलाय. वॉरंटी मिळणार नाही."

एवढं बोलून तो गेला. फाटकावर रात्रंदिवस एकच माणूस असतो, तेव्हा खोलणारा कोण हे कोणी तोंडानं बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा सांगत होत्या. हर्षनं गोदामातल्या कापसाच्या गाठी मोजायला लावल्या. एकही कमी भरली नाही. तरी संशय काही गेला नाही. उलट तो म्हणाला, "अजून नेल्या नसतील. आधी डोळे फोडतात, मग हात घालतात." एक तारखेपासून जालन्याच्या एजन्सीचा माणूस फाटकावर येणार, असंही त्यानं सांगून टाकलं.

अमृतलाल सेठ गादीवर बसून गप्प होते. सोमेश्वरला हर्षच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

त्यानं आणखी दोनदा सांगितलं. एकदा हर्षला, एकदा हिशेब बघणाऱ्या मुनीमजींना. "मी धुतो पाइपानं, त्याचं तर काही न्हाई ना?" हर्ष मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "काका, तेच तेच नका सांगू. तो वॉटरप्रूफ आहे." आता चीड यायची ती अशी, की सोमेश्वरला स्वतःलाही ते पटत होतं. बादली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. मग पाणी आलं कुठून? त्यानं तर टाकलं नव्हतं. रात्री कोणी भिंत चढून आलं असेल, तर आपण बावीस वर्षं झोपाच काढल्या की काय?

जेवायला घरी गेला, तेव्हा बायकोनं, गिरिजाबाईनं, भाकरी वाढली. "नोकरी गेली तर जाऊ द्या. पण चोर म्हणवून घेऊन घरी येऊ नका," ती म्हणाली. सोमेश्वर अर्ध्या भाकरीवर उठला.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेऱ्याचा रिकामा खोका घेऊन गयासोद्दीनकडे गेला. गयासोद्दीन बसस्टँडच्या मागं विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. पाण्यात जाणाऱ्या यंत्रांशी त्याची तीस वर्षांची ओळख. त्यानं चष्मा पुसला, खोका उलटसुलट करून पाहिला.

"हा सदुसष्ट न्हाई, सोमेश्वरभाऊ. सहा अन् सात, असा वेगळा वाच."

"सहा-सात म्हणजे सदुसष्टच की."

"बिलकुल न्हाई. मोटारीच्या पाटीवर हेच आकडे असतात, जिंदगीभर वाचून राह्यलो. पैला आकडा धुळीचा. सहा म्हणजे धूळ आत जात न्हाई. दुसरा पाण्याचा. सात असला तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव, चालतं. सहा असला तर पाइपाची जोराची धार सोसतो."

"मंग सात मोठाच झाला ना?"

"अरे भाऊ, दोन वेगळ्या परीक्षा आहेत त्या. मराठीत पास झाला म्हणून पोरगा गणितात बी पास झाला का?"

"मी दोन्हीत नापास झाल्तो, गयासभाई."

"मंग तुला बराबर समजंल," गयासोद्दीन म्हणाला. "बुडवल्यावर पाणी चारी बाजूनं सारखं दाबतं, आरामात. धार एकाच फटीवर मारा करते. दोन्हीत पास झालेला असंल तर खोक्यावर दोन्ही आकडे छापतात. यावर सहा-सहा कुठंय? तुझे जुने सहा-सहावाले होते, म्हणून टिकले. अन् ते बी नशिबानं. आगीचा पाइप घेऊन कोणी कॅमेरा धुतो का रे येड्या!"

सोमेश्वर तिथल्या मोडक्या स्टुलावर बसला. भिंत चढून कोणी आलंच नव्हतं. कॅमेरे त्यानंच मारले होते, घासूनपुसून, मायेनं. आणि हे तो तीन-तीनदा सांगत होता, तर कोणी ऐकायला तयार नव्हतं.

"आता हे सेठला कसं पटवू?"

"स्टीलच्या डब्यावर करून दाखव. रबरवाल्या. बुडवला तर कोरडा राहतो, धार मारली की आत पाणी. दोन मिनिटांचा खेळ."

सोमेश्वर तसाच जिनिंगवर गेला. सेठ, हर्ष, मुनीमजी, सगळ्यांना बाहेर बोलावलं. आपला जेवणाचा डबा बादलीत दाबून धरला आणि गयासोद्दीनचं सगळं बोलणं, आठवलं तसं सांगितलं. मग डबा वर काढून उघडला. आत वांग्याची भाजी पाण्यावर तरंगत होती.

हमाल पोट धरून हसले. "काका, हा तर सहा बी न्हाई अन् सात बी न्हाई!" एक जण ओरडला. हर्षनं कपाळाला हात लावला आणि आत निघाला. गिरिजाबाई आठ दिवसांपासून सांगत होती, डब्याचा रबर ढिला झालाय, नवा आणा. ते आता आठवून काय उपयोग?

सोमेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "थांबा!" तो आजवर मालकापुढं कधी ओरडला नव्हता. "जुने कॅमेरे कोठीत पडलेत. एक फाटकावर लावा. मी तुमच्यासमोर धुतो. तो गेला तर मी आत्ता निघतो, एक तारखेची वाट बघत न्हाई."

हर्ष काही बोलणार, तेवढ्यात अमृतलाल सेठ म्हणाले, "लावा."

जिनिंगच्या इलेक्ट्रिशियननं जुना कॅमेरा लावला. सोमेश्वरनं पंप सुरू केला, पाइप ओढला आणि नेहमीच्या अंतरावरून, नेहमीइतकाच वेळ, धार सोडली. गयासोद्दीनचं "नशिबानं" कानात वाजत होतं. पंप बंद झाला. सगळे हर्षच्या मोबाइलवर वाकले. पडद्यावर भिजलेलं फाटक दिसत होतं आणि त्याच्यासमोर पाइप धरून उभा असलेला सोमेश्वर, स्वच्छ.

"दुसऱ्या नव्यावर पण मारू का?" त्यानं विचारलं.

"नको नको!" हर्ष घाईनं म्हणाला. त्या एका घाईतच त्याला पटल्याचं सगळ्यांना कळलं. त्यानं बाजूला जाऊन फिटिंगवाल्याला फोन लावला. बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, "काका, पाइपानं धुता हे आधी नीट सांगायचं ना."

सोमेश्वरनं मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजींनी जमिनीकडे पाहिलं.

एजन्सीचा माणूस काही आला नाही. पण चुकलो, असंही कोणी म्हटलं नाही. जुने कॅमेरे परत खांबांवर चढले. फाटकाजवळ पाटी लागली: कॅमेऱ्यांना राखणदारानं हात लावू नये. आणि उरलेल्या दोन नव्या कॅमेऱ्यांपैकी एक, जिथं पाण्याची धार पोचत नाही अशा जागी लावायचं ठरलं. ती जागा म्हणजे फाटकामागं सोमेश्वर रात्री पडायचा त्या खोलीचं दार. कॅमेरा थेट त्याच्या खाटेकडे बघत होता.

"वाया कशाला घालवायचा," हर्ष म्हणाला. सेठ संध्याकाळी फाटकावर थांबले, म्हणाले, "सोमेश्वर, मनावर नको घेऊ." सोमेश्वरनं मान हलवली. मनावर घ्यायचं नाही तर कुठं ठेवायचं, हे सेठनं सांगितलं नाही.

शनिवार आला. त्यानं पंप चालवला, फाटक धुतलं, पाटी धुतली. कॅमेऱ्यांपाशी आला की धार खाली वळवली. पंधरा दिवसांत तूस साचलं. दारावरच्या कॅमेऱ्याला तर पांढऱ्या मिशाच फुटल्या. मग हर्षचा फोन आला.

"काका, तुमच्या खोलीचं काहीच दिसत नाही. जरा फडकं मारा ना."

"पाटीवर लिहिलंय, हात लावू नये. वाचून दाखवू का?"

"काका, आता..."

"अन् दिसायचं काय राह्यलं तिथं, हर्षभैया? मीच आहे. बावीस वर्षांपासून."

सोमेश्वरनं फोन ठेवला आणि वजनकाट्यावर ट्रॅक्टर घ्यायला गेला. दुपारी हर्ष स्वतः शिडी आणि फडकं घेऊन आला. सोमेश्वरनं शिडी धरली, पण वर काही चढला नाही.