कागदावरचा नर

“अंडी आपल्या डब्यात फुटली, तर पिल्लं आपलीच म्हणायची ना!”

त्रिवेदी सर फोनवर बोलत होते. त्यांची केबिन आणि माझं टेबल यांच्यामध्ये प्लायवुडचं पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत न पोचलेलं. पलीकडे कंपनीचे मालक, शेठ होते; त्यांनी काहीतरी शंका काढली असावी. सर हसले. “अरे शेठ, कच्चा माल बाहेरून येतो म्हणून प्रॉडक्ट काय दुसऱ्याचं होतं? इतकी वर्षं प्लांटमध्ये काय केलं आपण?”

मी हातातली स्प्रेची बाटली खाली ठेवली. ज्या पिल्लांबद्दल ते बोलत होते, त्यांना मी नुकतीच पाणी पाजून आले होते.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट आहे. बडोद्याजवळ, बाजव्याच्या पुढे, एका केमिकल कंपनीची मोठी जागा होती. कारखान्याभोवती झाडं लावायचा नियम होता, म्हणून तिथे बाभूळ, बोर, कडुनिंब असं बरंच काही वाढलं होतं. त्या झाडीत कंपनीच्या ट्रस्टनं वनखात्याची परवानगी काढून शॅमेलिऑनचं पैदास केंद्र सुरू केलं होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, जाळीचे सोळा पिंजरे आणि तीन माणसं. डायरेक्टर त्रिवेदी सर हे त्याच कंपनीतून रिटायर झालेले केमिकल इंजिनियर. मंगळभाई प्राण्यांची देखभाल करत. आणि बायॉलॉजिस्ट म्हणून मी. एम.एस्सी. झाल्यावरची माझी पहिली नोकरी.

शॅमेलिऑन म्हणजे कुंपणावर मान हलवणारा आपला नेहमीचा सरडा नव्हे. मराठीत त्याला सरडगुहिरा म्हणतात, हे मला नोकरी लागल्यावर कळलं; शाळेत मी फक्त इंग्रजी नाव शिकले होते. मंगळभाई काचिंडो म्हणायचे. तो हिरवा, चपटा आणि अतिशय सावकाश असतो. दोन डोळे दोन दिशांना फिरवतो. वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. म्हणून दिवसातून तीनदा स्प्रे मारावा लागतो. रंग तो बदलतो, पण लोकांना वाटतं तसा मागचं कापड पाहून नव्हे. भीती, राग, ऊन, पोटातली अंडी, असं काहीही त्याच्या अंगावर दिसतं. लपवाछपवी त्याला फारशी जमत नाही.

आमच्याकडची मादी ऑक्टोबरात आली. मंगळभाईंना ती रस्ता ओलांडताना सापडली होती. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडावरून खाली उतरते आणि मऊ जमीन शोधत फिरते. एरवी पानांत न दिसणारा प्राणी तेव्हा सगळ्यांना दिसतो. मंगळभाईंनी पिशवीचं तोंड उघडून मला दाखवलं आणि म्हणाले, “बेन, आ तो भरेली छे.”

पोटावर अंड्यांचे उंचवटे स्पष्ट दिसत होते. अकराव्या दिवशी तिनं पिंजऱ्यातल्या मातीत बीळ खणून एकोणीस अंडी घातली. मी तारीख, वेळ, प्रत्येक अंड्याचं वजन नोंदवहीत लिहिलं.

नर आला डिसेंबरात. एका कॉलनीतल्या कडुनिंबावर होता, लोक दगड मारत होते, कोणीतरी आम्हाला फोन केला. त्याचीही तारीख लिहिली.

अंडी आम्ही बडोद्याच्या घडियाळी पोळ बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत, ओलसर वाळूत ठेवली. ती फुटायला आठ-नऊ महिने लागतात. वाळू जास्त ओली झाली की बुरशी, कमी झाली की अंडं पिचकतं. सात अंडी गेली. जुलैमध्ये बारा पिल्लं निघाली. आगकाडीहून जरा मोठी, पण डोळे फिरवण्यात आणि फांदी पकडण्यात एकदम तयार. मी कुजक्या केळ्यांवर फळमाश्या वाढवून त्यांना घालत होते. माझ्या अंगाला केळ्याचा वास येतो, अशी घरी तक्रार होती.

सरांनी पेढे आणले. “एकोणीसातून बारा! यील्ड त्रेसष्ट टक्के, मेधाबेन! पहिल्याच बॅचला!”

मीही हसले. खरंच आनंद झाला होता.

आठवड्यानं त्यांनी अर्जाचा मसुदा माझ्यासमोर ठेवला. दिल्लीला जायचा होता. त्यात लिहिलं होतं की केंद्रानं शॅमेलिऑनची यशस्वी पैदास केली आहे, ही पिल्लं ‘कॅप्टिव्ह-ब्रेड’ मानावीत आणि ती परदेशी पाठवायची परवानगी मिळावी. खाली दोन सह्यांची जागा होती. एक सरांची, एक माझी.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आपल्याकडे हा प्राणी पकडायला, विकायला बंदी आहे. परदेशात तो हौसेनं पाळतात. तिथल्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत, पण पिंजऱ्यात पैदास झालेल्या प्राण्यांसाठी त्या जरा सैल आहेत. मात्र पैदास कशाला म्हणायचं, हे ठरलेलं आहे. पिल्लू पिंजऱ्यात जन्मलं एवढं पुरत नाही. त्याच्या आईबापांचं मीलनही पिंजऱ्यातच झालेलं असावं लागतं. भरलेली मादी रानातून आणायची आणि तिची अंडी डब्यात उबवायची, याला पैदास म्हणत नाहीत. मसुद्यात मात्र ‘केंद्रातील एक नर व एक मादी यांच्यापासून’ असं स्पष्ट लिहिलं होतं.

सर खोटं बोलणारे नव्हते. त्यांच्या दृष्टीनं केंद्रात नर होता, मादी होती आणि पिल्लं होती. इनपुट, आउटपुट. मधलं त्यांना तपासावंसं वाटलं नाही.

मी सही केली नाही. पण सरांना सांगितलंही नाही. नोंदवहीतल्या दोन तारखांखाली लाल रेघ मारली, त्या पानात चिठ्ठी घातली आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी वही तशीच परत आली. मग टाइप केलेली अर्ध्या पानाची नोट ठेवली. तिच्यावर चहाचा कप ठेवलेला मी स्वतः पाहिला.

तिसऱ्यांदा मात्र केबिनमध्ये गेले.

“सर, तो मसुदा...”

“सही राहिलीय ना? करून टाक.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला एक्स्पोर्ट आवडत नाही, खरं ना? बस. हे बघ, बंदीनं काय होतं? चोरून पकडतात. दहा पकडले तर आठ रस्त्यात मरतात. आपण इथे तयार करून दिले तर रानात कोण जाईल? आता सगळं खुलं होतंय. प्राण्यांचं भलं पण त्यातच आहे.”

हा मुद्दा चुकीचा नाही. आजही मला तसं वाटतं. खरोखर पैदास होत असेल तर रानावरचा ताण कमी होऊ शकतो. हे सगळं माझ्या मनात होतं, आणि पुढचं वाक्यही तयार होतं. ‘पण सर, आपल्याकडे ती झालेलीच नाही.’ तेवढ्यात फोन वाजला. मी बाहेर आले.

सही नसलेला अर्ज सरांनी तसाच पाठवला. सही तपासणीच्या वेळी होईल, असं त्यांनी मानलं. सप्टेंबरच्या शेवटी दिल्लीहून एक मॅडम पाहणीला येणार असं कळलं.

त्या आधीच्या आठवड्यात गेटवर लूनावरून एक माणूस आला. शहरात पोपट, मुनिया विकायचा. हँडलला कापडी पिशवी अडकवलेली. मी आणि मंगळभाई गेटवरच उभे होतो.

“आ काचिंडावाळू सेंटर ने?” त्यानं पिशवी पुढे केली. “पाच छे, बेन. बधी भरेली.”

मंगळभाईंनी विचारलं, “कोणे कह्यू तने?”

“शेठना ड्रायव्हरे.” शेठच्या ड्रायव्हरचं नाव सांगताना तो खुशीत होता. “तमने तो पेटवाळी ज जोईए ने?”

तुम्हाला पोटुशीच हव्यात ना! मी पिशवीत पाहिलं. पाचही माद्या एकमेकींवर पडल्या होत्या. तीन काळपट पडून तोंड वासत होत्या. खालच्या दोन हलत नव्हत्या. त्यांच्या अंगावरचा रंग गेला होता आणि पोटावरचे उंचवटे मात्र तसेच होते.

मी वाचलेल्या कुठल्याही नियमावलीपेक्षा त्या पिशवीनं मला जास्त समजावलं. आमची पद्धत कागदावर मान्य झाली, तर पैदास केंद्र चालवायला नर लागणारच नव्हता. दर पावसाळ्याच्या शेवटी खाली उतरणाऱ्या माद्या उचलायच्या. एका मादीमागे पंधरा-वीस ‘कॅप्टिव्ह-ब्रेड’ पिल्लं. आणि त्या रानात पुढच्या जुलैमध्ये एकही नाही. चोर निदान मिळेल तो प्राणी उचलतो. आम्ही निवडून आया उचलणार होतो.

मंगळभाईंनी त्या माणसाला गुजरातीत असं काही ऐकवलं की ते इथे लिहिता येणार नाही. जिवंत तीन माद्या त्यांनी वनखात्याच्या लोकांबरोबर परत झाडीत नेऊन सोडल्या. सरांना कळलं तेव्हा त्यांनी आधी किती मेल्या ते विचारलं. मग म्हणाले, “त्या ड्रायव्हरशी बोलतो मी.” ड्रायव्हरनं चूक केली असं त्यांना वाटत होतं. मी तेव्हाही फक्त वही उघडली. तारीख आणि आकडे नोंदवहीत लिहिले.

मॅडम सकाळी आल्या. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीत, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी आधी पिल्लं पाहिली, प्रत्येकाचा पिंजरा वेगळा का, वगैरे विचारलं. मग सरांच्या केबिनमध्ये बसल्या. सरांनी अभिमानानं नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली.

“सगळं रेकॉर्ड आहे. मेधाबेननं एक दिवस चुकवला नाही.”

मॅडमनी पानं उलटली. वजनं, तापमान, पुन्हा वजनं. “छान ठेवलंय. पण माझी तीनची गाडी आहे.” त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. “तुम्हीच सांगा. यांचं मेटिंग कधी झालं?”

सर हसतमुखानं माझ्याकडे बघत होते. उत्तर वहीत होतं, आणि वही आता मिटलेली होती.

“झालं नाही, मॅडम.”

“म्हणजे?”

“मादी भरलेलीच आली होती. नर दोन महिन्यांनी आला. तेव्हा अंडी डब्यात होती. या ऑगस्टमध्ये दोघांना एकत्र सोडून पाहिलं. ती काळी पडली, त्याच्यावर फुसकारली. मी पाच मिनिटांत त्याला बाहेर काढलं.”

सरांचा चेहरा मी पाहिला नाही. मॅडमनी पेनचं टोपण लावलं. “मग ही फक्त इथे जन्मलेली पिल्लं आहेत. हा अर्ज पुढे जाणार नाही, त्रिवेदीजी.”

“मेधाबेन,” सर हळू आवाजात गुजरातीत म्हणाले, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“लिहिलं होतं, सर. तीन ठिकाणी.”

“लिहिलं होतं!” ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. “मी वजनं बघतो का त्यात? दहा फुटांवर बसतेस तू.”

ते बरोबर बोलत होते. नोंद केली की आपलं काम झालं, असं मी वर्षभर धरून चालले होते. नोंद ही पुरावा असते. सूचना नसते. माझ्या चिठ्ठ्यांच्या आणि त्या कापडी पिशवीच्या मध्ये दीड महिना गेला होता.

मॅडमनी खिडकीतून पिंजऱ्यांकडे पाहिलं. “आता या बाराचं काय करायचं? वनखातं मला विचारेल. तुम्ही बायॉलॉजिस्ट आहात. ठेवायची का सोडायची?”

सर पुढे झुकले. “ठेवू या म्हण,” ते पुन्हा गुजरातीत म्हणाले. “दोन वर्षांत ही मोठी होतील. मग खरी पैदास करू. तू म्हणशील तशी. शेठना मी सांभाळतो.”

ते मनापासून म्हणत होते. आणि मलाही तेच हवं होतं. मी अंड्यापासून वाढवलेली पिल्लं होती ती. ती ठेवली तर केंद्र चालू राहणार होतं, मंगळभाई राहणार होते, मी राहणार होते. सोडली तर ट्रस्ट मार्चपर्यंत केंद्राला कुलूप लावणार हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. पुढे तसंच झालं. मंगळभाईंना कंपनीच्या नर्सरीत घेतलं, मी नोकरी शोधू लागले. पण केंद्र चालू राहिलं, तर पुढच्या सप्टेंबरात गेटवर किती पिशव्या येतील, याचा अंदाज मला होता. सरांना शेठ सांभाळता आले असते. शहरातल्या लूना नाही.

दोघंही थांबले होते. या वेळी मी वहीला हात लावला नाही.

“सोडायची,” मी म्हणाले. “बाराही, आणि तो मोठा नर आणि मादीसुद्धा. पण याच आठवड्यात, मॅडम. गवत सुकलं की नाकतोडे मिळणार नाहीत त्यांना.”