खंडेनवमीच्या साफसफाईत गेलेली नळी

आमच्याकडे खंडेनवमीला ट्रॅक्टरपासून विळीपर्यंत सगळं धुऊन पुजतात. मीही पुजतो, माझं हत्यार म्हणजे दुकानातला वजनकाटा. पण यंदाच्या खंडेनवमीचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं तापतं.

माझी लेक विश्रामबागेतल्या एका कॉलेजात संशोधन करते. गाईची कास सुजली की इंजेक्शन देतात, आणि त्या औषधाचा अंश दुधात उतरतो. तो डेअरीवरच एका पट्टीनं ओळखता यावा, हे तिचं काम. पट्टीसाठी त्या औषधाला नेमकं धरणारी प्रतिपिंडं लागतात. ती सशाच्या रक्तात तयार करून घ्यायची. अडचण अशी, की औषधाचा रेणू इतका बारका की सशाचं शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो एका थोराड प्रथिनाला जोडून टोचायचा. मग शरीर खडबडून जागं होतं. मला हे लगेच पटलं. आष्ट्याच्या भावकीत मी एकटा गेलो तर कुत्रंही भुंकत नाही. निवृत्त सुभेदार थोरल्या भावाबरोबर गेलो की खुर्ची येते, चहा येतो.

तर जोडणी झाली होती. न जोडलेले रेणू निघून जावेत म्हणून लेकीनं ते मिश्रण पातळ पडद्याच्या नळीत भरलं, दोन्ही टोकं बांधली आणि बीकरमधल्या खारट पाण्यात सोडून फ्रिजमध्ये ठेवलं. दिसायला अगदी शाळेबाहेर मिळणारी, प्लॅस्टिकच्या नळीतली बर्फाची पेप्सीकोला. वर ठळक चिठ्ठी: ‘हात लावू नये.’

दुसऱ्या दिवशी पूजा. विभागप्रमुखांना हुरूप आला. त्यांनी जातीनं उभं राहून फ्रिज रिकामा करवला, काचेची भांडी धुऊन घेतली. नळी गेली कचऱ्यात, आणि फ्रिजला झेंडूची माळ चढली.

लेकीचा फोन आला. ती रडत नव्हती, म्हणून मी जास्त घाबरलो. खटपट करून मिळवलेलं शुद्ध औषध, तिच्या वाट्याचं सगळं त्या नळीत गेलेलं. सशांना टोचायची पाळी पुढच्याच आठवड्यात. ती हुकली की वर्ष गेलं.

मी स्कूटर काढली. वाटेत जोरदार भाषण रचलं. पण मी एकटाच गेलो होतो, त्यामुळे विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये खुर्ची आली नाही. लेक आधीच तिथे उभी होती. पेढा आला.

“अहो, पाणीच तर होतं त्यात,” सर म्हणाले.

“आणि चिठ्ठी?”

“पूजेच्या दिवशी चिठ्ठ्या बऱ्या दिसत नाहीत हो.”

राग आला की माझी शुद्ध भाषा आधी पळते. “आवं सर, पोरीची मेहनत गटारात घातली तुमी, आन् वर पेढा देताय व्हय?”

“बाबा, तुम्ही गप्प बसा,” लेक म्हणाली आणि सरांकडे वळली. “सर, त्या औषधाची दुसरी बाटली तुमच्या कपाटात आहे. ती द्या.”

“ती माझ्या प्रकल्पासाठी ठेवलीय.”

“पण ती आणलीय मीच.”

“बरं, दसरा झाला की बघू. किल्लीही सापडायला हवी.”

किल्ली कुलपातच होती. कपाटाचीही पूजा झाली होती. किल्लीला हळदकुंकू होतं. लेकीनं ती फिरवली, दार सताड उघडलं आणि बाजूला उभी राहिली. स्वतः हात घातला नाही. सर बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग उठून त्यांनी बाटली काढून दिली.

पुन्हा जोडणीला लागायला तिनं तिथल्या तिथे प्रयोगशाळेचा कोट चढवला.

“मी काय करू?” मी विचारलं.

“घरी जा. तुम्ही रागानं फुसफुसताय, पावडर उडेल.”

मी निघालो. सर दारापर्यंत आले, म्हणाले, “पेढा राहिला तुमचा.” चुकलं, एवढा एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. खाली येऊन मी स्कूटरला गरजेपेक्षा जास्त लाथा घातल्या.